साळवे काकांचा वजनकाटा

परवा आमच्या ऑफिसातली नवी मुलगी चहाच्या वेळी भिंतीला टेकून एकदम खाली बसली. चेहरा पांढराफटक. विचारलं तर म्हणाली, नऊ दिवस झाले, नुसत्या ज्यूसवर आहे, मामेबहिणीच्या लग्नात जुना ड्रेस बसायला पाहिजे. मी तिला आधी दोन बिस्किटं खायला लावली आणि मग साळवे काकांबद्दल सांगायला बसले. सांगता सांगता चहा निवून गेला.

साळवे काका आमच्या वाळूजच्या कंपनीत वजनकाट्यावर होते. गेटच्या आत जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी पाट. त्याच्यावर मालाचा ट्रक उभा राहतो आणि बाजूच्या केबिनमध्ये लाल आकडे उमटतात. त्या केबिनला लागून माझी खिडकी. गेटपास मी बनवते. काकांनी वजन दिल्याशिवाय माझा पास निघायचा नाही आणि माझ्या पासाशिवाय गाडी हलायची नाही. बारा वर्षं आम्ही दोघांनी मिळून ट्रक ड्रायव्हरांच्या शिव्या खाल्ल्या.

शिव्या खाण्यासारखंच त्यांचं काम होतं. गाडी काट्यावर आली की काका केबिनमधून बाहेर यायचे, ड्रायव्हर आणि क्लीनर दोघांनाही खाली उतरवायचे, सगळी चाकं पाटावर आहेत का ते वाकून बघायचे, पाण्याची टाकी भरली आहे का विचारायचे, साखळदंड कुठे ठेवलेत ते बघायचे. पाऊस पडून गेला असेल तर ताडपत्रीवरचं पाणी झटकायला लावायचे. मग आत येऊन चष्मा पुसायचे, आकड्यांची काच पुसायचे आणि वजन घ्यायचे. एवढं सगळं झाल्यावर म्हणायचे, "पुन्हा एकदा घेऊ." गाडी खाली उतरवायची, आकडा शून्यावर येऊ द्यायचा, परत चढवायची. शून्य दिसल्याशिवाय ते पुढच्या गाडीला हात करत नसत. मागे दहा गाड्या हॉर्न वाजवत असल्या तरी त्यांच्या अंगावरची माशी हलायची नाही.

खाण्यात मात्र हा माणूस अजिबात मोजमाप पाळायचा नाही. शुक्रवारी कँटीनला गुलाबजाम असत आणि काका आठ खायचे. डब्यात घरच्या चार भाकरी, खिशात कागदाच्या पुडीत घरचा ठेचा. कँटीनचा वाढपी त्यांना बघितलं की भाताचा डाव दोनदा भरून घ्यायचा. एवढं खाऊनही ते कधी हावरट वाटले नाहीत, कारण प्रत्येक पदार्थाला ते मनापासून दाद द्यायचे. पोट शर्टाच्या बटणांना ताण देत पुढे आलेलं, उंची बेताची, वजन शहाण्णव. चाकं बघायला वाकले की उठताना ट्रकच्या फाळक्याला धरून उठायचे. आम्ही एकाच कंपनी बसने यायचो आणि मी बसले तिथे तिसरा माणूस मावत नसे, म्हणून आमचं जमायचं.

एका वर्षी दिवाळीनंतर काका अचानक बदलले. डबा आणेनात. कँटीनला येऊन नुसतं लिंबूपाणी घ्यायचे. गुलाबजामाच्या शुक्रवारी केबिनमध्येच बसून राहिले. आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवणारे शेख भाई फार मिश्कील. ते म्हणाले, "चाचा, दूसरी शादी का इरादा है क्या?" सगळे हसले. मीही हसले, आणि हे आठवलं की अजूनही स्वतःचा राग येतो. मुकुंदवाडीत त्यांच्या शेजारी राहणाऱ्या एका हेल्परने सांगितलं की काका रविवारी दुपारच्या उन्हात रेनकोट घालून मैदानात पळतात. हे ऐकून तर आम्ही आणखी हसलो. बारा दिवसांत त्यांची पँट सैल झाली, गालफडं बसली आणि आवाज खोल गेला.

तेराव्या दिवशी लोखंडी कॉइलचा ट्रक आला. काकांनी ड्रायव्हरला उतरवलं नाही. बाहेरही आले नाहीत. आतूनच वजन घेतलं आणि चिठ्ठी छापून माझ्या खिडकीत सरकवली. आकडा नेहमीपेक्षा बराच कमी वाटला म्हणून मी मान वर करून बघितलं, तर ट्रकची मागची चाकं पाटाच्या बाहेर जमिनीवर होती.

मी म्हटलं, "काका, मागची चाकं बाहेर आहेत."

त्यांनी काचेतून बघितलं आणि मटकन खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत ही चूक झाली नव्हती. काट्यावरचा नवखा पोरगाही पहिल्या दिवशी चाकं बघतो. मी धावत केबिनमध्ये गेले. ट्रकच्या ड्रायव्हरने, ज्याला रोज उतरवून त्यांनी वैताग आणला होता त्यानेच, आपल्या थर्मासमधला गोड चहा त्यांना पाजला आणि गाडी स्वतःहून मागे घेऊन नीट लावली.

चहा पोटात गेल्यावर काका बोलायला लागले. त्यांच्या पत्नीची, सुमनबाईंची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस चालू होतं. काकांनी आपलं एक मूत्रपिंड द्यायचं ठरवलं होतं. रक्तगट जुळत होता, बाकी तपासण्या ठीक होत्या, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की एवढ्या वजनावर ऑपरेशन करता येणार नाही. देणाऱ्यालाच धोका. आधी ब्याऐंशीपर्यंत या.

"ती तिथं मशीनला चार चार तास पडून राहायली," काका म्हणाले. "आन मी जड हाये म्हणून ती थांबायली. मला घास जातंय का ताई?"

आठ गुलाबजाम खाणाऱ्या माणसाची आम्ही तेरा दिवस टिंगल केली होती. मी त्यांना एवढंच म्हटलं की तुम्ही आडवे झालात तर सुमनबाईंना देणार कोण, आणि आधी दवाखान्यात जाऊन हे सगळं सांगून या.

ते गेले. तिथली डॉक्टरीणबाई तरुण आणि फटकळ होती. काका तिची नक्कल फार छान करायचे. त्यांना वाटलं होतं, पाच किलो उतरले म्हणून ती शाबासकी देईल. तिने वजन बघितलं, रक्तदाब बघितला, तोंड कोरडं पडलेलं बघितलं आणि म्हणाली, "मला बारीक माणूस नकोय साळवे, मला धडधाकट माणूस पाहिजे. एक काढून घेतल्यावर उरलेल्या एकावर तुम्हाला आयुष्य काढायचंय." उपाशी राहून आधी पाणी उतरतं, मग अंगातली ताकद, असं तिने समजावलं. परत जेवायला लागा, उतरलेल्यातले निम्मे किलो परत येतील, घाबरू नका. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी भरपूर. एखाद्या महिन्यात त्याहून कमी उतरलं तरी चालेल. आणि पळायचं नाही, चालायचं.

काकांनी हिशोब घातला. नऊ किलो आणि परत येणारे दोन-तीन. सहा-सात महिने तरी लागणार होते, कदाचित जास्त. सुमनबाईंना तितके महिने मशीनवर काढावे लागणार होते. त्या दिवशी बसमध्ये ते क्रांती चौक येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले होते. तिथे सिग्नलला बस थांबल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "घाई केली की चाक बाहेर राहतंय. नीटच करू."

मग त्यांनी ते खरोखर काट्यावरच्या कामासारखंच केलं. कंपनीच्या स्टोअरमध्ये खोकी मोजायचा छोटा काटा होता, शंभर ग्रॅमपर्यंत अचूक. महिन्याच्या पहिल्या सोमवारी, चहाच्या आधी, काका त्याच्यावर उभे राहायचे. त्याआधी बूट काढायचे, पट्टा काढायचे, खिशातला मोबाइल, किल्ल्या, दोन पेनं, चष्मा, सगळं टेबलावर मांडायचे. चष्मा काढल्यामुळे आकडा त्यांना दिसायचा नाही, तो मला वाचायला लागायचा. मी वाचला की म्हणायचे, "पुन्हा एकदा घेऊ." उतरायचे, शून्य होऊ द्यायचे, परत चढायचे. मधल्या दिवसांत ते काट्याकडे फिरकत नसत. मी एकदा म्हटलं, रोज बघितलं तर कळेल ना. तर म्हणाले, ताडपत्री ओली असली की गाडीचं वजन वाढतं, म्हणून काय माल वाढला का?

जेवण पुन्हा सुरू झालं. डबा यायला लागला आणि मला त्यांच्या डब्यात डोकावायची सवय लागली. चार भाकरींच्या दोन झाल्या. ज्वारीचीच भाकरी, पण डब्यात आधी वाटीभर मटकीची उसळ किंवा घट्ट वरण, मग भाजी, काकडी-टोमॅटो-मुळा चिरलेला, आणि शेवटी भाकरी. रविवारी घरी मासे नाहीतर मटण व्हायचं ते चालूच राहिलं, फक्त तवंग बाजूला काढून. चहा बिनसाखरेचा. ठेच्याची पुडी मात्र खिशात तशीच. कँटीनच्या वाढप्याने एकदा आग्रहाने भाताचा दुसरा डाव घालायला हात पुढे केला, तेव्हा काकांनी ताटावर हात धरला आणि पहिल्या डावाचं मनसोक्त कौतुक केलं. वाढपी खूश झाला आणि भातही वाचला.

खरी अडचण घरी होती. सुमनबाईंना आयुष्यभर माणसाला पोटभर वाढायची सवय. नवरा दोन भाकरींवर उठतो हे त्यांना बघवेना. त्या गुपचूप भाजीत जास्तीचं तेल घालायच्या. काकांना चवीवरून कळायचं. पण भांडणार कसं? ती बाई स्वतः अळणी जेवत होती आणि दिवसभराचं पाणी एका बाटलीत मोजून पीत होती. मग काकांनीच मार्ग काढला. रोज संध्याकाळी दोघं समोरासमोर बसायचे. तिच्या बाटलीत पाणी किती उरलंय ते त्याने बघायचं आणि त्याच्या ताटात काय किती आहे ते तिने बघायचं. त्याने जास्त घेतलं तर ती रागवणार, तिने जास्तीचा घोट घेतला तर तो. "आता दोघंबी एकमेकाचे हवालदार झालो," असं काका सांगायचे. जास्तीचं तेल आपोआप बंद झालं.

चालणं त्यांनी बसच्या रस्त्यात बसवलं. बस मुकुंदवाडीपर्यंत जायची, पण काका सिडको बसस्टँडला उतरायचे आणि तिथून घरी चालत जायचे. पहिल्या आठवड्यात वाटेत दोनदा थांबून घेत. गुडघा दुखायला लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खुर्चीवरून हात न टेकता उठायचा-बसायचा व्यायाम सांगितला. दोन ट्रकच्या मध्ये वेळ मिळाला की केबिनमध्ये काका उठताहेत, बसताहेत, उठताहेत. बाहेरच्या ड्रायव्हरांना वाटायचं, आपल्याला बघून मान द्यायला उठतात. चौथ्या महिन्यात एक दिवस ते चाकं बघायला वाकले आणि फाळक्याला न धरता उठले. त्यांच्याही लक्षात आलं. माझ्या खिडकीकडे बघून त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं.

पाचव्या महिन्यात काटा अडला. सोमवारी मी आकडा वाचला, मागच्या महिन्याचाच. पुन्हा एकदा घेतलं, तोच. त्याच आठवड्यात सुमनबाईंना ताप चढला आणि त्यांना चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. शेख भाईंना आता सगळं माहीत होतं आणि त्या सुरुवातीच्या थट्टेचं त्यांच्या मनाला फार लागलेलं. त्यांनी मेहुण्याकडून कसल्याशा पावडरीचा डबा आणला, महिन्यात दहा किलो उतरवणारी. काकांच्या टेबलावर तो डबा दोन दिवस होता. मी खिडकीतून बघत होते. काका ट्रक घ्यायचे, डब्याकडे बघायचे, परत ट्रक घ्यायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो डबा उचलून दवाखान्यात नेला आणि डॉक्टरीणबाईंच्या पुढे ठेवला. तिने त्याच्यावर काय काय लिहिलंय ते वाचून विचारलं की यात नेमकं काय घातलंय हे कुठे आहे? ते कुठेच नव्हतं. मूत्रपिंड द्यायला निघालेल्या माणसाने असलं काही पोटात घालायचं नाही, असं तिने बजावलं. रोजच्या चालण्यात दहा मिनिटं वाढवायला सांगितलं आणि धीर धरायला सांगितला. काकांनी डबा शेख भाईंना परत केला, दोन्ही हातांनी, अगदी अदबीने.

त्यानंतर पंधरा दिवसांनी शेख भाईंच्या मुलीचं लग्न होतं. जेवायला नान-खलिया, म्हणजे मटणाचा झणझणीत रस्सा आणि भट्टीतले नान. आमच्या शहरात नान-खलियाच्या दावतीला जाऊन कमी खाणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मला तोवर वाटत होतं. मी त्या दिवशी सकाळपासून उपाशी होते, रात्रीसाठी जागा म्हणून. तीन नान खाल्ले आणि मग मला चपलांपर्यंत पोचता येईना. काका दुपारी नेहमीसारखं जेवून आले होते. त्यांनी एक नान घेतला, मटणाचे दोन तुकडे, थोडा रस्सा. सावकाश, गप्पा मारत, वीस मिनिटं खाल्लं. शेख भाई स्वतः वाढायला आले तेव्हा त्यांचा हात धरून शेजारी बसवलं आणि खलियात कोणता मसाला जास्त लागतो यावर अर्धा तास बोलले. नको हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. दुसऱ्या दिवशी मी पश्चात्तापाने जेवण सोडलं, संध्याकाळी भुकेने वेडी होऊन वडापाव खाल्ले. काका दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आले, उसळ आणि दोन भाकरी. मी विचारलं, कालचं भरून काढायचं नाही का? ते म्हणाले, "कालची गाडी गेली की ताई."

त्या दिवसापासून मीही सिडकोला उतरायला लागले. माझं घर तिथून उलट्या दिशेला आहे, तरी तिथून चालतच घरी जायचे. माझं काय आणि किती उतरलं हे सांगायची ही जागा नाही, पण आता मी बसले की शेजारी एखादा बारीक माणूस मावतो.

पुढच्या महिन्याच्या सोमवारी काटा हलला. नवव्या महिन्यात मी ब्याऐंशी वाचलं. काका म्हणाले, पुन्हा एकदा. परत ब्याऐंशी. त्यांनी चष्मा लावून आकडा स्वतः वाकून बघितला आणि तिथेच, बूट न घालता, स्टोअरच्या फरशीवर अनवाणी उभं राहून सुमनबाईंना फोन लावला. आधीची पौर्णिमा त्यांनी शहराजवळच्या बुद्धलेण्यांच्या पायऱ्या न थांबता चढून साजरी केली होती, तेही आम्हाला त्या फोनमधूनच कळलं.

ऑपरेशन झालं. दोघंही सुखरूप बाहेर आले. काका तीन महिने रजेवर होते आणि त्या तीन महिन्यांत काट्यावर आलेल्या पोराने माझा जीव नकोसा केला, कारण तो कुठलीच गाडी दुसऱ्यांदा घेत नव्हता. काका परत आले ते सडसडीत नाही, पण ताठ. वजनाची त्यांनी नंतर कधी वाच्यता केली नाही. डबा तोच राहिला, सिडकोला उतरणं तेच राहिलं. शुक्रवारी ते दोन गुलाबजाम खायचे आणि आठ खाल्ल्याइतकी दाद द्यायचे.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी सुमनबाईंनाही बोलावलं होतं. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. लहानखुरी बाई, पांढरी साडी निळ्या काठाची, तोंडाला मास्क, डोळे हसरे. भाषणं झाली, शाल झाली. दोघांना घरी सोडायला कंपनीने गाडी दिली होती. गेटपर्यंत आम्ही सगळे चालत आलो आणि काट्यापाशी सुमनबाई थांबल्या. इतकी वर्षं नवरा इथे काय करत होता ते त्यांना बघायचं होतं.

काकांनी त्यांचा हात धरून पाटावर नेलं आणि मला केबिनमध्ये जायला सांगितलं. वीस-वीस टनांचे ट्रक जिथे उभे राहतात तिथे मधोमध ती दोघंच उभी. हा काटा दहा-दहा किलोंच्या टप्प्यानेच दाखवतो. मी काचेतून ओरडून सांगितलं, एकशे तीस.

शेख भाईंना राहवलं नाही. म्हणाले, "भाभी, आपको दिया तो वो चाचा में से कम हुआ, आप में बढ़ा. टोटल वही रहा."

काका हसले. "दीडशे ग्रॅम भरतंय ते समदं. डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं. चौदा किलो उतरवले, दीडशे ग्रॅम द्यायला. या काट्याला तर कळायचं बी नाय."

सुमनबाईंनी मास्क खाली केला. "मला कळतंय," त्या म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. काकांनी त्यांना हाताला धरून पाटावरून खाली उतरवलं. ड्रायव्हर दार उघडून उभा होता, त्याला काका म्हणाले, आम्हाला सिडकोलाच सोड, पुढे आम्ही चालत जाऊ. सुमनबाई आत बसल्या. काका बसत होते, पण एक पाय गाडीत ठेवून थांबले आणि वळून माझ्या काचेकडे बघत राहिले. मी आकड्यांकडे बघितलं, शून्य आलं होतं. मी मान हलवली. मग ते बसले.